गोड न खाणारा थोरला

संध्याकाळी साडेसातला आमच्याकडे जी मालिका लागायची, तिच्यात एक थोरला भाऊ होता. नायक नव्हे, नायकाचा मोठा भाऊ. त्याच्या वाट्याला आठवड्यातून एखादा प्रसंग यायचा. दारातून आत यायचं, चपला काढायच्या, कुणी काही विचारलं तर ‘राहू दे’ म्हणायचं आणि जिना चढून वर जायचं. त्याचं पुढे काय करावं हे मालिका लिहिणाऱ्यांनाच कळत नसावं, म्हणून ते त्याला सारखे वर पाठवत. वर काय होतं ते मालिकेनं कधी दाखवलं नाही. मला मात्र त्या घरात तेवढा एकच माणूस बघण्यासारखा वाटायचा.

चार वर्षांपूर्वी माझी मुलगी नर्सिंगच्या शिक्षणासाठी सांगलीला गेली. त्याच्या आदल्या वर्षी सासरे वारले होते. आमचे हे फौजेत. मलकापूरच्या त्या घरात मी, एक म्हैस आणि टीव्ही असे तिघं उरलो. जाताना मुलीनं माझ्या मोबाइलवर गोष्टींचं एक ॲप टाकून दिलं. ‘तुला करमायचं न्हाई, ह्यावर वाचत बस,’ म्हणाली. वाचता वाचता मला असं दिसलं, की आमच्याच मालिकेतल्या माणसांवर लोकांनी शेकड्यांनी गोष्टी लिहून ठेवल्यात. मालिका आठ वाजता संपायची, हे लोक तिथून पुढे चालू करायचे. मुलीला फोनवर विचारलं तर म्हणाली, त्याला फॅन फिक्शन म्हणतात. आम्ही लिहिणाऱ्या बायका आपसात त्याला ‘पुढची गोष्ट’ म्हणायचो.

महिन्याभरात मीही लिहायला लागले. दुपारी भांडी घासून झाली, म्हशीला वैरण टाकली, की उंबऱ्याशी पाय पसरून बसायचं आणि अंगठ्यानं टाइप करायचं. बारावीनंतर पेन धरला नव्हता, पण अंगठ्याला काय, तो चालायला लागला की चालतो. मी फक्त थोरल्यावर लिहायची.

आता जरा आमच्या धंद्याची रीत सांगते. मालिकेत माणूस असतो चिमूटभर, आम्ही त्याचा घागरभर करायचो. धाकट्या जावेनं एका भागात मोठीचा मोबाइल चार्जिंगवरून काढून स्वतःचा लावला होता, एवढाच तिचा गुन्हा. आमच्या गोष्टींत ती दोन महिन्यांत दुधात विष कालवायला लागली. सासूबाई एकदा देवापुढे बसून रडल्या, तर आम्ही त्यांना बारा महिने तेरा काळ रडायलाच बसवलं. जो स्वभाव मालिकेत एकदा ओझरता दिसला, तोच धरायचा आणि ताणायचा, बाकीचा माणूस टाकून द्यायचा. थोरल्याचं तेच झालं. मालिकेत तो ‘राहू दे’ म्हणाला तो गार झालेल्या चहाबद्दल. पहिल्या लेखिकेनं ते जमिनीच्या वाटणीच्या वेळी वापरलं. दुसरीनं त्याच्या आवडत्या मुलीचं लग्न दुसरीकडे ठरतं तेव्हा त्याच्या तोंडी घातलं. सहा महिन्यांत तो दुसरं काही बोलेनासा झाला. मालिकेत हाच बाबा कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवाल्याशी हुज्जत घालताना दिसला होता, पण ते आम्ही कुणी मनावर घेतलं नाही. घराला आग लागली तरी आमचा थोरला ‘राहू दे’ म्हणाला असता.

नायिकेचं कुणी असं काही करत नसे. ती रोज अर्धा तास डोळ्यांसमोर असायची, तिच्यात भर घालायला जागाच नव्हती. जो थोडा दिसतो, त्याच्यावरच माणसं आपल्या मनातलं सगळं घालतात.

थोरला गोड खात नाही, ही माझी भर. एका भागात त्याच्या आईनं लाडवाची ताटली त्याच्यापुढे ठेवली आणि त्यानं ती हातानं बाजूला सारली. खरं तर ताटली पेपरवर ठेवली होती आणि त्याला पेपर वाचायचा होता, हे लक्ष देऊन बघितलं असतं तर कुणालाही दिसलं असतं. मी लिहिलं, थोरला गोडाला शिवत नाही. ते बायकांना फार आवडलं. एकीनं लिहिलं, लहानपणी त्याची बहीण वारली त्या दिवसापासून त्यानं गोड सोडलं. दुसरीनं त्या बहिणीच्या हातात मरताना लाडू दिला. वर्षभरानं जे नवे वाचक आले, त्यांना हे सगळं मालिकेतलंच आहे असं वाटायचं. ‘ताई, तुम्ही थोरल्याला आतून ओळखता,’ असं मला लोक लिहायचे. मला कुणी असं काही म्हणावं याची इतकी सवय नव्हती, की मी ती वाक्यं दिवसातून दोनदोनदा उघडून वाचायची.

ओळखणारच ना. थोरला मी आमच्या ह्यांच्यावरून केला होता.

आमचं लग्न झालं आणि बाराव्या दिवशी हे ड्यूटीवर गेले. नंतर आले ते दिवाळीला. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारलेल्या. सासरे होते, पण त्यांचाही जन्म फौजेत गेलेला, आपल्या मुलाला काय आवडतं हे त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. ती माझी त्या घरातली पहिली दिवाळी. बेसनाचे लाडू केले होते, ताटलीत चार ठेवले आणि ह्यांच्यापुढे नेले. ह्यांनी उलट्या हातानं ताटली जराशी सारली. मी लगेच ती उचलली आणि चिवड्याची वाटी ठेवली. चिवडा त्यांनी खाल्ला. झालं. आमच्यांना गोड आवडत नाही, असं मी मनाशी पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बायका फराळाला आल्या तेव्हा मी ते सांगितलंसुद्धा. ‘आमच्यांना गोड न्हाई चालत.’ सांगताना मला किती बरं वाटलं होतं! बाकीच्या बायका आपल्या नवऱ्याबद्दल तासभर बोलायच्या. हा असा घोरतो, तो असा रागावतो. माझ्याजवळ बारा दिवसांचा नवरा, मी काय बोलणार? निदान ही एक गोष्ट मला ठाऊक होती. मी ती जपली.

वर्षाला दोन-अडीच महिने रजा. तिकडे क्वार्टर मिळायची, पण सासरे एकटे, ऊस उभा, म्हशी दावणीला. मी कधी गेले नाही. रजेत हे आले की घरात माणसांची रीघ, आणि हे त्यांच्यात बसलेले. मला दिसायचे ते जेवताना आणि चपला घालताना. पुरणपोळ्यांचा सण आला तर ह्यांच्या ताटात मी साधी चपाती आणि कटाची आमटी वाढायची. लग्नाकार्यात पुरुषांची पंगत वेगळी, तिथं हे काय खातात ते मला कधी दिसलं नाही.

आणि ट्रंक. आमच्याकडे घरटी एकतरी माणूस फौजेत. रजा संपत आली की त्या घरातली चूल तीन दिवस विझत नाही. काळ्या ट्रंकेत कपड्यांच्या घड्यांमधून डिंकाचे लाडू, करंज्या, शंकरपाळ्या असं भरतात. एकट्यासाठी नव्हे, सगळ्या बराकीला पुरावं म्हणून. ट्रंक उघडली की तिथं सगळे गोळा होतात म्हणे. एकवीस वर्षं मी ह्यांच्या ट्रंकेत शेंगदाण्याची चटणी, खर्डा आणि भडंग भरलं. नवऱ्याची आवड ओळखून भरते याचा मला अभिमान होता.

तीन वर्षांपूर्वी हे पेन्शनवर कायमचे घरी आले.

त्या दिवशी मी मटणाचा रस्सा केला होता, भाकरी, खर्डा, कांदा. हे हातपाय धुऊन सरळ स्वयंपाकघरात आले. ओट्यावरच्या एकेका पातेल्यावरचं झाकण उचललं, आत बघितलं आणि परत ठेवलं. डब्यांच्या फळीकडेही बघितलं.

‘काय बघताय?’ मी विचारलं.

‘काय न्हाई,’ म्हणाले आणि पाटावर बसले.

हा प्रसंग मी आठ दिवसांत थोरल्याला दिला. माझ्या गोष्टीत थोरला वर्षांनी घरी येतो आणि पातेल्यांवरची झाकणं उचलून आपल्या घराचा वास छातीत भरून घेतो. वाचून बायका रडल्या. गोष्ट आवडली की वाचक दाबतात ती लाल बदामं, एवढी माझ्या दुसऱ्या कुठल्याच गोष्टीला मिळाली नाहीत.

पण ह्यांचं काही जमेना. मी एकवीस वर्षं मुका माणूस मनात धरून बसले होते, आणि घरी आलेला माणूस बोलायचा! विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरबद्दल बोलायचा, कारखान्याच्या ऊसतोड टोळ्यांबद्दल बोलायचा, चादरीची घडी कशी घालावी हे मला उलगडून, परत घालून दाखवायचा. ह्यांचं बोलणं माझ्या दिशेनं यायचं, पण माझ्याशी नसायचं. रेडिओ लावून ठेवावा तसं. मीही ‘व्हय, व्हय’ करायची आणि दुपारी उंबऱ्याशी बसून न बोलणाऱ्या माणसावर लिहायची. अंगणातून हे हाक मारायचे, ‘आगं पाना कुठं ठेवलास?’ आणि मला राग यायचा, कारण थोरला त्या वेळी खिडकीशी उभा असायचा. खरं सांगते, हे तिकडे होते तेव्हा मला जेवढं एकटं वाटलं नाही, तेवढं हे घरी आल्यावर वाटलं. आधी निदान वाट बघायला कुणी होतं.

गेल्या वर्षी ह्यांच्या पायाची जखम भरेना, तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर निघाली, तीही चांगली सणसणीत. मी डॉक्टरांना म्हटलं, ‘आवं, असं कसं? ह्यांनी जन्मात कवा गोडाला हात लावला न्हाई.’ डॉक्टरांनी चष्म्यावरून ह्यांच्याकडे बघितलं. हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. घरी येईपर्यंत मी देवाला बोल लावत होते, की खाणारे मोकळे फिरतात आणि न खाणाऱ्याला धरतोस. हे माझ्यामागून चालत होते.

त्यानंतर मालिकेत तो जिलबीचा भाग आला. चुलतभावाचं लग्न. पंगत बसली होती आणि आमच्या थोरल्यानं जिलबी खाल्ली. एक नाही, तीन. वर बोटं चाटली आणि वाढप्याला हात करून आणखी मागितली! ॲपवरच्या आमच्या गटात हाहाकार झाला. लोकांनी मालिकेवाल्यांना शिव्या घातल्या. त्यांनी थोरल्याचा खून केला, त्यांना त्यांचाच माणूस कळला नाही, असं एकीनं लिहिलं, आणि मी त्याखाली ‘शंभर टक्के’ म्हणून लिहिलं. दुसऱ्या दिवशी मी गोष्ट लिहून ती जिलबी निस्तरली. माझ्या गोष्टीत थोरला स्वतःला शिक्षा म्हणून जिलबी खातो, आणि एकेका घासाला त्याला बहीण आठवते.

तो भाग लागला तेव्हा हे शेजारीच खुर्चीत बसले होते. ह्यांना हसू फुटलं. ‘बघ, हाणतोय की जिलब्या!’

‘तो गोड खात न्हाई,’ मी म्हटलं.

‘आगं खातोय की समोर.’

‘न्हाई खात. सगळ्यांना म्हाईत हाय.’

‘कुणी सांगितलं?’

मी टीव्हीचा आवाज वाढवला. हे थोडा वेळ टीव्हीकडे नाही, माझ्याकडे बघत राहिले. मग फाटक लावायला म्हणून उठून गेले, ते मालिका संपली तरी आत आले नाहीत.

यंदा थंडीत ह्यांच्या फौजेतल्या एका मित्रानं आम्हाला घरी बोलावलं. मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांचं गाव. दोघं चौदा वर्षं एका युनिटमध्ये होते. मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. आम्ही एसटीनं निघालो, साताऱ्याला गाडी बदलायची होती. स्टँडवर मला पिशव्यांपाशी बसवून हे पाण्याची बाटली आणायला गेले. परत आले तेव्हा तोंडाला वेलदोड्याचा वास येत होता. मला वाटलं, मुखशुद्धी खाल्ली असेल. पाण्याची बाटली आणायची मात्र ते विसरले होते.

मित्राचं घर छान होतं, पुढं ओटा, ओट्यावरून सगळा डोंगर दिसायचा. मित्र मोठ्यानं बोलणारा, त्याची बायको हसऱ्या चेहऱ्याची. चहाआधी तिनं दोन ताटल्या आणून ठेवल्या. डिंकाचे लाडू, प्रत्येकीत दोन. मी काही विचार केला नाही. हात आपोआप पुढे गेला आणि मी ह्यांच्यापुढची ताटली उचलली. ‘ह्यांना गोड न्हाई चालत,’ म्हटलं.

मित्र खदाखदा हसला. ‘आवं वहिनी, माणूस घरी येऊन तीन वर्सं झाली. अजून नवस सुटला न्हाई व्हय?’

‘कसला नवस?’

माझ्या तोंडून ते निघून गेलं. मित्र ह्यांच्याकडे बघायला लागला. हे डोंगराकडे बघत होते.

‘वहिनी काय बोलायच्या न्हाईत,’ मित्र बायकोला म्हणाला. ‘नवस बोलून दाखवत न्हाईत.’ आणि मग त्यानंच सगळं सांगितलं. सगळ्या बराकीला ठाऊक होतं म्हणे. नवरा कायमचा घरी येस्तवर घरात गोड करायचं नाही, असा मी ग्रामदेवीला नवस बोलले होते. म्हणून ह्यांच्या ट्रंकेत कधी लाडू नसायचा. बोलले तेही अनवाणी जाऊन. मंगळवारी मी पाणीसुद्धा घेत नव्हते. चहातली साखरही सोडली होती, काळा कोरा चहा प्यायची. ‘आमच्यात लय नाव तुमचं. नवी पोरं भरती झाली की त्यांना सांगायचो आमी, बाई आसावी तर अशी.’

मी चहात दोन चमचे साखर घेते. देवीला जाताना चपला देवळाच्या पायरीपर्यंत नेते. ऐकता ऐकता मला कळलं, की पहिल्या वर्षी नुसता नवस असणार. अनवाणी चालणं नंतर आलं असेल, मंगळवार त्याच्या नंतर, आणि कोरा चहा तर अगदी अलीकडचा. एवढी वर्षं एकच बाई सांगायची तर दर खेपेला तिच्यात काहीतरी घालावंच लागतं. मला ते काम माहीत होतं. माझ्या शेजारी बसलेला माणूस माझ्याच धंद्यातला होता.

मित्राची बायको माझ्याजवळ सरकून बसली. ‘आमच्या ह्यांच्या ट्रंकेत मी दर येळेला धा लाडू जास्तीचे घालायची,’ म्हणाली. ‘म्हणायची, हे नवसाच्या बाईच्या मालकाला.’

ते ऐकून मला जे झालं ते कुठल्या शब्दात सांगावं? राग नव्हता. एखाद्या परक्या बाईनं आपलं लेकरू न बोलता सांभाळलेलं असावं, आणि आपल्याला ते आज कळावं, तसं काहीतरी. मला फार लाज वाटली.

सगळे माझ्याकडे बघत होते. हे अजून डोंगराकडेच बघत होते, पण त्यांची मान ताठ झालेली मला दिसली. मी एक शब्द बोलले असते तर त्यांच्या चौदा वर्षांच्या दोस्तीत ते खोटे पडले असते.

‘सुटला की नवस,’ मी म्हटलं. ‘पर सुटला आणि ह्यांना साखर निघाली.’

मित्राच्या बायकोनं माझा हात धरला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ह्यांनी मान खाली घातली. मग मी माझ्या ताटलीतला लाडू खाल्ला. तो फारच चांगला झाला होता.

परतताना साताऱ्याला गाडी बदलली. पुढच्या गाडीत बसायला जागा मिळाली, हे खिडकीशी बसले. चोवीस वर्षं संसार केलेल्या बाईनं नवऱ्याला विचारू नये असा प्रश्न मी विचारला.

‘तुमी गोड खाता?’

‘खातो की.’

‘मग त्या पहिल्या दिवाळीला ताटली का सारली?’

ह्यांना आठवेना. मी सगळं सांगितलं. लाडू किती होते, कुठं बसले होते, कुठल्या हातानं सारली.  ‘दाढ दुखत आसंल,’ म्हणाले. मग म्हणाले, ‘न्हाईतर कोपर टेकायला जागा केली आसंल. काय म्हाईत.’

माझ्या एकवीस वर्षांचं मूळ ते, आणि ह्यांना ते आठवतसुद्धा नव्हतं.

‘मग नंतर कवा बोलला का न्हाई?’

गाडीत वाहक तिकिटं फाडत आमच्यापर्यंत आला. हे सुटे पैसे देईपर्यंत थांबले. तो पुढं गेल्यावर खिडकीकडं तोंड करून बोलले, ‘तू येवढ्या खात्रीनं पुढ्यातनं उचललीस. मला वाटलं, हिला आपल्यासाठी करायचं न्हाई. परत मागायला बरं वाटंना. आन् तिकडं ट्रंक उघडली की सगळी विचारायची, तुझ्या बायकूनं काय दिलं?’ जरा वेळानं म्हणाले, ‘मग काय सांगणार?’

म्हणून त्यांनी नवस सांगितला. बायकोला आपलं काही वाटत नाही, असं समजलेल्या माणसानं चारचौघांत सांगायला म्हणून बायको तयार केली, आणि तीही अशी की तिला दुसरं काही सुचूच नये. सांगून सांगून ह्यांचाही तिच्यावर विश्वास बसला असणार. म्हणून तर कायमचे घरी आले त्या दिवशी सरळ स्वयंपाकघरात जाऊन एकेक झाकण उचलून बघितलं. आता नवस सुटला, आता काहीतरी गोड केलेलं असेल. आणि आत रस्सा होता. मी त्यावर गोष्ट लिहून बदामं मोजली.

रात्र पडायच्या आत आम्ही घरी पोचलो. मुलीचा सांगलीहून फोन आला तेव्हा मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘आई, तुला म्हाईत नव्हतं? पप्पा मला कुल्फी घ्यायचे तवा सोताला दोन घ्यायचे.’ मग तिला काय वाटलं कोण जाणे, विषय बदलून परीक्षेचं बोलायला लागली.

त्या आठवड्यात मी शेवटची गोष्ट लिहिली. थोरला चपला काढतो, जिना चढत नाही, स्वयंपाकघरात येतो आणि म्हणतो, मला लाडू दे. एवढंच. कुणालाही ती आवडली नाही. हा आमचा थोरला नाही, असं बायकांनी लिहिलं. असा मागणारा, बोलणारा थोरला आम्हाला नको. जी मला नेहमी ‘आतून ओळखता’ म्हणायची तिनं लिहिलं, ‘ताई, तुम्हाला थोरला कधी कळलाच नव्हता.’ मी खाली ‘खरं आहे’ असं लिहिलं आणि मोबाइल ओट्यावर उपडा ठेवला. त्या बायकांची मला आठवण येते. चार वर्षं दुपारी माझ्याशी बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, महिन्यातून एखादा तुकडा चालेल, पण तुकडाच. मी डिंक आणला, खारीक कुटली, गूळ नावाला घातला आणि तीनच लाडू वळले, सुपारीपेक्षा जरा मोठे. एक ताटलीत ठेवून ह्यांच्यापुढे नेला. लग्नानंतरच्या त्या पहिल्या दिवाळीनंतर पहिल्यांदाच. ताटली ठेवली आणि हात मागे घेतला, कमरेला खोचलेल्या पदरात धरून ठेवला, न जाणो परत आपोआप पुढं जायचा.

ह्यांनी लाडू फोडला, तोंडात टाकला आणि सावकाश चावला. मी विचारलं, ‘कसा झालाय?’

‘त्या मेढ्याच्या वहिनींवाणी न्हाई झाला,’ हे म्हणाले.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणीच आलं. पण मोटार नाही, टोळी नाही, चादरीची घडी नाही, ह्या घरात ह्यांनी माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. मी ताटली उचलली नाही. खाली बसले आणि विचारलं, ‘मग तुमाला कसा आवडतो?’

उत्तर द्यायला त्यांना बराच वेळ लागला. तसं त्यांना आजवर कुणी विचारलंच नसावं.